विक्रेत्यांनो, जुलैमध्ये या!

आधी आमच्या मावशीसाठी खुलासा : सिस्टिम ॲडमिन म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क, सर्व्हर, बॅकअप बिनबोभाट चालू ठेवणारा माणूस. सगळं नीट चाललं की त्याची कुणाला आठवणही येत नाही. असो.

पुण्या-मुंबईतले माझे जातभाई म्हणतात, विक्रेत्यांचे फोन उचलूच नकोस. मला हे अजिबात पटत नाही. त्यांना सल्ला विचारायला शेजारच्या बिल्डिंगमध्ये दहा मित्र असतात. रत्नागिरीत मी एक ऑफिस बघतो, विक्रेता कोकणभर शंभर बघतो. खाऱ्या हवेत कुठल्या यूपीएसचे बोर्ड दोन पावसाळ्यांत गंजले, वीज कडाडल्यावर कुणाचे स्विच जळाले, कुठल्या कंपनीचा इंजिनियर कोल्हापूरहून खरोखर आंबा घाट उतरून येतो... हे सगळं त्याला ठाऊक असतं! आणि हा गृहस्थ मला दाखवतो काय, तर साठ स्लाइड्स. ढगाचं चित्र, कुलपाचं चित्र. किंमत विचारली की, "सर, ते तुमच्या रिक्वायरमेंटवर आहे."

ताजं उदाहरण देतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एकाने सगळी मशिनं बदलायचं कोटेशन धाडलं आणि वर २०१८ सालच्या कॉसमॉस बँकेची भीती घातली. अहो, तिथे ९४ कोटी गेले ते एटीएम आणि स्विफ्टच्या यंत्रणेतून. आमच्याकडे एटीएम आहे का? दुसरा, इथलाच दुकानदार, त्याने फक्त विचारलं, "बायोसमध्ये टीपीएम चालू आहे का बघितलंत?" विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या मशिनांत ते बहुधा असतंच, कधीकधी नुसतं बंद ठेवलेलं असतं. आमची निम्मी मशिनं तशीच चालून गेली. जुन्यांसाठी पैसे भरून काही काळ सुरक्षा अपडेट्स मिळतात, हेही त्यानेच सांगितलं. मग जी नवी घ्यावी लागली ती त्याच्याकडूनच घेतली, घासाघीस न करता. मी कोकणस्थ आहे, यावरून काय ते समजा :)

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी नऊ लाखांची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर काढले. रोकड अशी वाचवता येते. तळमजल्यावरचा सर्व्हर, आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क, कोण टपावर नेणार? विकणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारायला हवा की २००५ साली पाणी कुठवर आलं होतं. रॅम किती हवी ते नंतर.

तर पहिल्या फोनवरच किंमत सांगा, दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचीसुद्धा. बॅकअप विकलात तर एक फाइल माझ्यादेखत उडवून परत आणून दाखवा. आमच्या कामाची नसलेली वस्तू असेल तर तसं तोंडावर सांगा, पुढचा फोन मीच करीन. आणि कृपा करून एप्रिल-मेमध्ये येऊ नका. डेमोच्या नावाखाली हापूसच्या पेटीची चौकशी करता, ते कळतं आम्हाला. जुलैमध्ये या, लाइट गेलेली असताना. तुमचा यूपीएस किती मिनिटं टिकतो ते दोघं बसून बघू. चहा माझ्याकडून.