नोकरी गेली हे घरात लपवू नका, तिकडे दिवस मोजले जातायत

सिडको, गारखेडा, उल्कानगरी, ज्योतीनगर. यातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून विचारा, अमेरिकेत कोणाचं पोरगं आहे? लोक दोन-चार घरं तरी बोटानं दाखवतील. आता विचारा, त्यातल्या कोणाची नोकरी गेली? एकही घर सापडणार नाही. कारण अशी बातमी आपण उंबऱ्याबाहेर जाऊच देत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटानं ११ हजार लोक काढले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टनं १० हजार लोक कमी करायचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननं ऑफिसातल्या १४ हजार जागा कमी करत असल्याचं सांगितलं. हे आकडे जगभरचे आहेत, मान्य. पण अमेरिकेत दरवर्षी जे एच-१बी मंजूर होतात त्यात ७० टक्क्यांहून जास्त भारतीय असतात. मग आपल्या जेएनईसी, एमआयटी, गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगमधून गेलेली सगळीच्या सगळी पोरं यातून सुटली असतील का? हिशोब तुम्हीच करा.

माझ्या ओळखीत एक निवृत्त सर आहेत. ओळख पटू नये म्हणून जास्त काही लिहीत नाही. त्यांच्या मुलाची नोकरी गेली, आणि सरांना ते कळलं ४१व्या दिवशी. तेही सुनेच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. रोज रात्री व्हिडिओ कॉल होत होता. मुलगा रोज सांगत होता, 'बाबा, आज ऑफिसला लवकर निघायचंय.' आई-वडिलांना टेन्शन नको म्हणून. सर मला म्हणाले, "अहो, मी त्याला फ्लॅटच्या हप्त्याचं विचारत बसलो होतो."

हे ४१ दिवस का महत्त्वाचे, ते नीट समजून घ्या. मी पत्रकार आहे, वकील नाही. पण हा नियम साध्या मराठीत कोणीतरी सांगायला पाहिजे.

एच-१बी व्हिसा माणसाच्या नावाचा असला तरी कंपनीला बांधलेला असतो. नोकरी संपली की तिथं राहण्याचा आधारच संपतो. २०१७च्या आधी तर एक दिवसाचीही सवलत नव्हती. १७ जानेवारी २०१७ पासून नियम आला की नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस राहता येईल. त्यातही गोम आहे. परवानगीची मुदत त्याआधीच संपत असेल तर तेवढेच दिवस मिळतात. आणि हे ६० दिवस हक्क म्हणून मिळत नाहीत, ते कमी करायचा अधिकार तिथल्या खात्याला आहे. या काळात काम करता येत नाही.

मोजणी साधारण शेवटचा पगार ज्या दिवसाचा, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. नोटीस काळात पगार चालू असेल तर थोडा श्वास मिळतो. पण जाताना कंपनीनं चार महिन्यांची एकरकमी भरपाई हातात ठेवली म्हणून चार महिने मिळत नाहीत. पुष्कळ जण इथंच फसतात.

दुसरी गोष्ट. साठ दिवसांत नुसती ऑफर मिळून भागत नाही. नव्या कंपनीचा अर्ज सरकारदरबारी दाखल झालेला असावा लागतो. त्या अर्जाआधी कंपनीला पगाराबाबतचं एक पत्र कामगार खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं, त्यालाच सात कामाचे दिवस धरा. मग वकील, कागदपत्रं, सह्या. आणि हल्ली मुलाखतींच्या पाच-पाच फेऱ्या असतात. म्हणजे नोकरी शोधायला खरे चाळीसेक दिवस हातात उरतात. त्यातले पहिले पंधरा-वीस दिवस पोरगं धक्क्यात आणि लपवालपवीत घालवतं. सरांच्या मुलाचं काय झालं असेल याचा अंदाज आला ना?

अर्ज वेळेत दाखल झाला तर मात्र मोठी सोय आहे. मंजुरीची वाट न बघता नव्या कंपनीत कामाला सुरुवात करता येते. दुसरा मार्ग म्हणजे साठ दिवसांच्या आत पर्यटक व्हिसासाठी, किंवा नवरा-बायकोपैकी दुसऱ्याचा एच-१बी असेल तर त्याच्यावर अवलंबून म्हणून, स्थिती बदलायचा अर्ज करायचा. त्यानं राहायला वेळ मिळतो, काम करता येत नाही. आणि त्या काळात नोकरी मिळालीच तर साठ दिवस उलटून गेलेले असल्यानं मंजुरी आल्यावरच कामावर जाता येतं, नुसत्या अर्जावर नाही. हा फरक माहीत नसल्यानं लोक अडकतात.

यातलं काहीच केलं नाही आणि नुसतंच राहिलं तर? बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला की देश सोडल्यावर तीन वर्षं परत जाता येत नाही. वर्षाच्या वर गेला तर दहा वर्षं. शिकायला जाऊन ओपीटीवर काम करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना पहिल्या वर्षात एकूण ९० दिवस बेकार राहता येतं, स्टेमची मुदतवाढ मिळाली की सगळे मिळून १५०.

आता कडू बोलतो. या घाईचा धंदा करणारेही आहेत. 'आमच्या पेरोलवर दाखवतो, पगाराची स्लिप देतो, तू आम्हाला पैसे दे' असं म्हणणारे तिकडे आपलेच देशी बांधव असतात. स्वतःचा पगार स्वतःच्याच खिशातून भरायचा आणि कागदावर नोकरी दाखवायची. ही सरळ फसवणूक आहे. पकडलं गेलं तर आजचा व्हिसा जातोच, पुढची दारंही बंद होतात. कायदा उलट सांगतो की एच-१बीवरच्या माणसाला काम नसताना बेंचवर बसवलं तरी पगार कंपनीनंच द्यायचा. हे मुलांना माहीत नसतं असं नाही. पण ५०व्या दिवशी माणूस काहीही करतो. म्हणून तर म्हणतो, घरात दहाव्या दिवशी बोला.

परत यायचं ठरलं तरी सोपं नाही. मुदत संपायच्या आत काढून टाकलं असेल तर त्या माणसाच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा असतो. किती जण मागतात? बायको-मुलांचा खर्च त्यात येत नाही. स्वतः राजीनामा दिला तर काहीच नाही, म्हणून एचआरनं 'राजीनामा द्या, बरं दिसेल' म्हटलं तर आधी विचार करा. तिकडे जन्मलेलं लेकरू अमेरिकन नागरिक असतं. त्याचं ओसीआय कार्ड काढलेलं नसेल तर आजी-आजोबांच्या घरी यायला त्यालाच भारताचा व्हिसा लागतो! नोकरीवर अवलंबून असलेला आरोग्य विमाही संपत आलेला असतो. एवढं सगळं साठ दिवसांत.

आणि एकदा देश सोडला की परत जाणं २०२५च्या सप्टेंबरपासून फारच महाग झालं. १९ सप्टेंबरला ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशानं, बाहेर असलेल्या आणि हातात चालू व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलर लावले. तेव्हाच्या भावानं साधारण ८८ लाख रुपये. ऑक्टोबरमध्ये खुलासा झाला की अमेरिकेतच राहून, वैध स्थितीत असताना कंपनी बदलणाऱ्याला हे लागू नाही. म्हणजे ६०व्या दिवसाच्या आत आणि नंतर यात केवढी दरी पडली बघा.

आता कोणी म्हणेल, त्यांचा देश, त्यांचे नियम. खरंय. पण नियम वेगळा असू शकतो हेही खरंय. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून नोकरी सुटलेल्याला नवा प्रायोजक शोधायला एका वेळी १८० दिवस दिले, पूर्ण व्हिसाकाळात मिळून ३६५. शिवाय त्या काळात काम करायचीही मुभा दिली. त्यानं ऑस्ट्रेलिया काही बुडाली नाही. साठ दिवसांच्या टांगत्या तलवारीचा खरा फायदा मालकाला होतो. माणूस पगार वाढवून मागत नाही, अन्यायावर बोलत नाही, बॉसशी भांडत नाही. कोणत्याही एका देशाला ग्रीन कार्डात सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे आपले लोक वर्षानुवर्षं रांगेत आणि तोवर या तलवारीखाली. पंधरा वर्षं कर भरलेल्या माणसालाही तेच साठ दिवस आणि काल आलेल्यालाही तेच. हे मला पटत नाही.

पण वॉशिंग्टनला माझी पोस्ट कोण वाचतंय? आपल्याकडचं बोलू.

आपल्याकडे पोरगं पाठवताना सातारा परिसरातला प्लॉट नाहीतर गावाकडची जमीन तारण जाते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका बहुधा तारण मागतात. नोकरी गेली की हप्ता इथल्या बापाच्या खात्यातून जातो. म्हणून बापाला अंधारात ठेवणं म्हणजे त्याचं टेन्शन वाचवणं नव्हे. वेळेत कळलं तर तो बँकेत जाऊन हप्त्याची फेररचना मागू शकतो. हप्ते थकल्यावर गेलं तर मॅनेजरचा चेहरा वेगळा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा. मुलगा अचानक आला की 'किती दिवस सुट्टी?' हा प्रश्न जरा गिळा की. लग्नकार्यात पॅकेज विचारायची सवय आपणच लावली, तर लपवायची सवयही आपणच लावली ना.

सरकारचं काय? केरळनं परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खातं काढलं, नोरका. परत आलेल्यांना धंद्यासाठी कर्ज, मार्गदर्शन, सगळं तिथं आहे. आपल्या राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्गशी करार केला आणि दहा हजार कुशल तरुण पाठवायचं जाहीर केलं. चांगलंच आहे. आपल्याकडच्या आयटीआयच्या पोरांना संधी मिळेल. पण तिथं नोकरी सुटली तर दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, हे जाणाऱ्या पोराला कोणी सांगतंय का? जर्मन भाषेच्या वर्गात एक तास यासाठी ठेवलाय का? नोकरी गेल्यावर मराठीत फोन करता येईल असा एखादा नंबर आहे का?

हे तीन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात टाकतोय. उत्तर आलं की इथंच लावतो, जसं येईल तसं. दरम्यान कोणाच्या घरात हे चालू असेल तर कमेंटमध्ये लिहू नका, इनबॉक्समध्ये लिहा. नाव कुठं जाणार नाही. शेवटच्या पगाराची तारीख आणि मंजुरीच्या कागदावरची मुदतीची तारीख, या दोन तारखा तेवढ्या मुलाकडून आधी विचारून ठेवा.