निषेधाची यादी आणि आवडीची यादी

दि. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप महाशय लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरातील चित्रपटकर्मींची भेट घेतली. केट ब्लँचेट, स्पाइक ली यांच्यासारखी ख्यातनाम मंडळी या भेटीस उपस्थित होती. चित्रपटगृहे एकेक करून बंद पडत आहेत, याविषयी पोप महाशयांनी चिंता व्यक्त केली. मात्र या भेटीच्या निमित्ताने सर्वाधिक चर्चा झाली ती त्यांच्या आवडीच्या चार चित्रपटांची. ही यादी भेटीपूर्वीच प्रसिद्ध करण्यात आली होती. अनेक वृत्तपत्रांनी ती हलकीफुलकी बातमी म्हणून छापली. वस्तुतः ती बातमी अधिक गंभीर विचारास पात्र आहे.

ते चार चित्रपट असे: फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६), रॉबर्ट वाइजचा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५), रॉबर्ट रेडफोर्डचा ‘ऑर्डिनरी पीपल’ (१९८०) आणि रोबेर्तो बेनिन्यीचा ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ (१९९७). पहिल्यात आर्थिक संकटाने खचून जीव द्यायला निघालेला एक गृहस्थ आहे. दुसरा संगीतिका आहे. तिसऱ्यात थोरल्या मुलाच्या मृत्यूनंतर आतून मोडत चाललेले एक कुटुंब आहे. चौथ्यात छळछावणीतील भीषण वास्तव आपल्या चिमुकल्या मुलापासून लपवण्यासाठी त्याचा खेळ करणारा बाप आहे. चारही चित्रपटांचे प्रकार निराळे आहेत. बायबलमधील कथा सांगणारा त्यांत एकही नाही. मात्र चारही घरांच्या कथा आहेत, आणि प्रत्येकात कोणीतरी कोणाला तरी अंधारातून हात धरून बाहेर काढू पाहत आहे.

पोप महाशयांनी कोणते चित्रपट पाहू नयेत हे सांगितले नाही. आपल्याला कोणते आवडले, एवढेच सांगितले. ख्रिस्तसभेचा चित्रपटांविषयीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या साध्या गोष्टीचे मोल कळेल.

१९३० च्या दशकात अमेरिकेत कॅथलिकांनी ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ ही संघटना उभारली. अशिष्ट चित्रपट पाहणार नाही, अशी प्रतिज्ञा भाविक घेत असत आणि निषिद्ध चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध होत असत. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी ‘विजिलांती कुरा’ या परिपत्रकाद्वारे या प्रयत्नांची प्रशंसा केली. त्यामागील कळकळ खरी होती; परंतु निषेधाच्या यादीत कधीकधी चांगला कलावंतही सापडत असे. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’ या लघुचित्रपटाविरुद्ध १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये मोठे आंदोलन झाले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि चित्रपट हेदेखील अभिव्यक्तीचे माध्यम असून त्याला घटनेचे संरक्षण आहे, असा निर्णय १९५२ साली लागला. पुढे १९९५ मध्ये, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने धर्म, मूल्ये व कला अशा तीन विभागांत ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी तयार केली. तीत याच रोसेलिनींच्या ‘रोम, ओपन सिटी’ला आणि संत फ्रान्सिसवरील चित्रपटाला मानाचे स्थान मिळाले. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या पासोलिनी यांचा संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपटही त्या यादीत होता. निषेधाच्या यादीपासून आवडीच्या यादीपर्यंतचा हा प्रवास सुमारे साठ वर्षांचा आहे.

आपल्याकडे मात्र प्रवास उलट्या दिशेने चालला आहे की काय, अशी शंका येते. २०२५ सालातील दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासाशीच निगडित आहेत. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारित ‘छावा’ची केवळ झलक प्रसिद्ध झाली होती. तीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसतात म्हणून आक्षेप उठले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग वगळला. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई यांच्या जीवनावरील ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिल रोजी, फुले जयंतीला, प्रदर्शित व्हायचा होता. त्याचीही झलक पाहूनच आक्षेप घेण्यात आले. जातिवाचक शब्दांबाबत सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले आणि प्रदर्शन २५ एप्रिलपर्यंत लांबले. दोन्ही वेळी आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणीही संपूर्ण चित्रपट पाहिलेला नव्हता. दोन-तीन मिनिटांच्या जाहिरातीवरून मत बनले आणि त्या मताने चित्रपटाला कात्री लावली.

आपणही या बाबतीत निर्दोष नाही. २००६ साली ‘द दा विंची कोड’ प्रदर्शित होण्यापूर्वीच मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी आंदोलने केली होती. काही राज्यांनी त्या चित्रपटावर बंदीही घातली. आज तो चित्रपट फारसा कोणाच्या स्मरणात नाही आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा ढळल्याचेही दिसत नाही.

त्या तुलनेत ‘कॉन्क्लेव्ह’ या २०२४ च्या चित्रपटाबाबतचे वर्तन अधिक प्रौढ होते. रॉबर्ट हॅरिस यांच्या कादंबरीवरील या रहस्यपटात नव्या पोपची निवड, कार्डिनलांमधील चढाओढ आणि अखेरीस अनेक कॅथलिकांना न रुचलेली कलाटणी आहे. अमेरिकेतील बिशप रॉबर्ट बॅरन यांनी त्यावर कडक टीका केली. कार्डिनल लॉरेन्सच्या प्रवचनात संशयाला श्रद्धेचा सोबती मानले आहे, तो भाग मात्र अनेक भाविकांना भावला. पुढे २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि मे महिन्यात खरोखरीची निवडसभा भरली, तेव्हा या चित्रपटामुळे अनेक बिगरख्रिस्ती लोकांनाही त्या विधीची तोंडओळख झालेली होती. चित्रपट आवडलेले आणि नावडलेले, दोघेही तो पाहून बोलत होते.

चित्रपट पाहून झाल्यावर आपण काय बोलतो, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. ‘पैसा वसूल’, ‘रटाळ’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’ अशा शेऱ्यांत आपली समीक्षा आटोपते. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री पारितोषिक मिळाले. तो संथ आहे, ही तक्रार खरी आहे. परंतु त्यातील छाया कदम यांनी साकारलेली पार्वती मुंबईच्या एका रुग्णालयात स्वयंपाक करते आणि घराची कागदपत्रे नाहीत म्हणून तिला राहती खोली सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतावे लागते. अशी पार्वती आपल्यापैकी अनेकांच्या शेजारी राहून गेली आहे. चित्रपट संथ आहे म्हणून तिला पाहायचे राहून गेले, तर नुकसान कोणाचे? नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’मध्ये एक दलित व एक मुस्लिम तरुण पोलीस भरतीचे स्वप्न पाहतात आणि टाळेबंदीच्या काळात घराची वाट धरतात. ‘फार दुःखी आहे’ हा शेरा त्या दोघांविषयी काहीच सांगत नाही.

सर्वांत कठीण कसोटी लागते ती क्रोधाच्या वेळी. ‘छावा’तील छळाची दृश्ये पाहून प्रेक्षक हेलावले, हे स्वाभाविक होते. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात हिंसाचार उसळला आणि त्यात एकाचा बळी गेला. या चित्रपटामुळे लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत म्हटले होते. दंगलीचे खापर एका चित्रपटावर फोडणे अन्यायाचे ठरेल. अफवा पसरवणारे आणि दगड उचलणारे हात निराळे असतात. तरीही चित्रपटगृहातून उठलेला राग आपण कोणाच्या दारात नेऊन ठेवतो, याची जबाबदारी प्रेक्षकाचीच असते.

हाच प्रश्न ‘दशावतार’ पाहतानाही पडतो. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत विलक्षण ताकदीने उभा केला आहे. कोकणची भूमी खाणींच्या घशात जाऊ नये, ही त्यातील हाक आपल्याला आपलीच वाटते. परंतु सूड उगवला जातो तेव्हा आपणही मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. त्याच वेळी २०२३ चा ‘द फेस ऑफ द फेसलेस’ आठवतो. मध्य प्रदेशात गोरगरिबांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या धर्मभगिनी राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली. त्यांच्या भगिनीने मारेकऱ्याला क्षमा केली आणि भाऊ म्हणून राखी बांधली. राणी मारिया यांना २०१७ साली इंदूर येथे धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांच्या जीवनावरील या चित्रपटाला ‘छावा’सारखी गर्दी लाभली नाही. क्षमेला टाळ्या पडत नाहीत. ती पचायला वेळ लागतो.

तात्पर्य, सर्वांनी एकाच प्रकारचे चित्रपट पाहावेत असे नाही. हसवणारे, रडवणारे, धडकी भरवणारे, सर्वच पाहावेत आणि मोकळेपणाने मतेही द्यावीत. मत देण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी पाळता येतील. चित्रपट पूर्ण पाहिल्याखेरीज बोलू नये, आणि तो चांगला की वाईट हे ठरवण्याआधी त्याने आपल्याला कोणाच्या जवळ नेले व कोणापासून दूर, हे स्वतःला विचारावे. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांनी महिन्यातून एकदा एखादा चित्रपट एकत्र पाहून त्यावर तासभर चर्चा केली, तर या सवयीचा आरंभ होऊ शकेल. त्यासाठी लागेल ते फक्त एक सभागृह, एक पडदा आणि एकमेकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी.