म्हातारपणी तोल सांभाळा

आजी एकदा पडली की घरचे म्हणतात, ‘आता जागची हलू नकोस.’ हे काळजीपोटीच. पण बसून राहिल्याने पाय आणखी कमजोर होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. सरावाने तोल सुधारतो. चीनमधील ‘ताई ची’ या संथ व्यायामात गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात सत्तर व त्यापुढील वयाचे ६७० जण होते. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचे पडणे ५८ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या बुलढाण्याच्या खेड्यात ताई चीचा वर्ग नसला, तरी भिंतीला हात टेकवून असा भार बदलण्याचा सराव रोज करता येतो. शेजारी घरचे कोणी हवे. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. वडीलधाऱ्यांना जपायचे, तर त्यांना हिंडते-फिरते ठेवा.