मामीची क्लिप

गेल्या दिवाळीत बालाघाटला मामीकडे आठवडाभर राहून आलो. बालाघाट म्हणजे मध्य प्रदेशातलं, वैनगंगेकाठचं. गोंदियाहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. गोव्याची माणसं तिथं कशी पोचली, असं तुम्ही विचारणारच. मामा खाणीवरचा सर्व्हेअर. आमच्या सांग्याकडच्या मँगनीजच्या खाणींवर त्यानं उमेदवारी केली आणि पुढे बालाघाटजवळच्या भरवेलीला गेला तो तिकडचाच झाला. तिथली 'मॉयल'ची खाण ही भूमिगत मँगनीज खाणींत आशियातली सगळ्यात खोल मानतात. मामी गोंदियाकडची. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात. आईला वाकून केर काढायला नको म्हणून त्यानं तिला केर काढणारा रोबो पाठवला आहे. जेवणाच्या ताटाएवढा, वाटोळा, काळाकुळकुळीत.

पहिल्या सकाळी मी चहा घेत बसलो होतो. रोबो दोन हात पुढे गेला, थबकला, मागे सरला, इंग्रजीत बाईच्या आवाजात काहीतरी बोलला आणि गप्प झाला. मामी वैतागून म्हणाली, "हे सारखं 'क्लिप क्लिप' करून राहिलं ना बाबू! माझ्या केसांच्या साऱ्या क्लिपा उचलून डब्यात ठेवल्या. सोफ्याखाली पाहिलं. तरी याचं क्लिप काही संपत नाही."

मी हसलो. (तुम्हीही हसला असाल.) मग लाज वाटली. कारण मामीनं जे ऐकलं त्यावर तिनं अगदी शहाणपणानं उपाय केला होता. यंत्र म्हणत होतं 'क्लिफ', म्हणजे कडा. 'माझे कड्याचे सेन्सर पुसा', एवढंच त्याचं मागणं.

हे कड्याचे सेन्सर म्हणजे रोबोच्या पोटाखालचे डोळे. यंत्र उलटं केलं की कडेनं काळसर काचेच्या चार-सहा बारीक खिडक्या दिसतात. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला, आपल्याला न दिसणारा प्रकाश त्यातून जमिनीवर पडतो आणि उलटून परत येतो. परत आला तर खाली जमीन आहे. नाही आला तर पुढे पायरी आहे, मागे फिर! खिडकीवर धूळ बसली की हा हिशेब चुकतो. काळी सतरंजी किंवा काळी फरशी तो प्रकाश गिळून टाकते, तेव्हाही यंत्राला सपाट जमिनीवर खड्डा भासतो. उन्हातही तोच अदृश्य प्रकाश असतो, त्यामुळे दारातून थेट ऊन आलं की यंत्र भांबावू शकतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. मामीनं आधी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्यानं काय करावं? सगळ्या खिडक्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली! पट्टीवरून प्रकाश नेहमीच परत येणार, म्हणजे यंत्राला सगळीकडे जमीनच जमीन. तक्रार बंद. पाचशे रुपये घेऊन तो गेला. दोन दिवस यंत्र निमूट चाललं आणि तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणाच्या चार पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं. तिथं मामी तांदूळ निवडत बसते. त्या दिवशी नव्हती, हे नशीब. घाबरून तिनं पट्ट्या ओरबाडून काढल्या, पण डिंक खिडक्यांवर राहिला, त्यावर धूळ बसली आणि पुन्हा 'क्लिप' सुरू.

मी यंत्र बंद केलं, टॉवेलवर उलटं ठेवलं, डिंक ओलसर फडक्यानं हलकेच काढला आणि मऊ कोरड्या फडक्यानं खिडक्या पुसल्या. पुढची धडकपट्टी एका बाजूला दबून राहिली होती. तिच्या फटीत रांगोळीची कणी अडकली होती. (दिवाळी!) पट्टी दाबलेली राहिली की यंत्राला वाटतं आपण भिंतीलाच टेकलो आहोत. कणी झटकली, चाकांतले केस काढले, काळी सतरंजी गुंडाळून ठेवली, मागच्या दाराचा पडदा ओढला. यंत्र चाललं. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही.

मामा सांगायचा, खाणीत छताला आधार द्यायला लाकडी टेकू लावतात, त्यावर जुन्या खाणकामगारांचा फार जीव. कारण लाकूड मोडण्याआधी करकरतं. "लाकूड बोलतं, तेव्हा माणसानं पळायचं," असं म्हणायचा. त्या करकरण्यावर चिडून कोणी टेकूच काढून टाकला तर? दुरुस्तीवाल्यानं नेमकं तेच केलं. मी वीस वर्षं सरकारी टेबलावर बसलो आहे, त्यामुळे ही चिकटपट्टी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आमच्याकडे तिला 'प्रकरण निकाली' म्हणतात. तक्रार मिटते, पायरी तिथंच राहते.

पण सगळा दोष त्या दुरुस्तीवाल्यावर ढकलून चालणार नाही. यंत्राचं बोलणं मामीला पहिल्याच दिवशी कळलं असतं तर त्याला बोलवायची वेळच आली नसती. पदराच्या टोकानं होणारं काम होतं. सोबतची पुस्तिका पाहिली, तिच्यात मराठी नाही. 1956 पूर्वी नागपूर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यात बालाघाट होतं. पुनर्रचनेत विदर्भ गेला, बालाघाट राहिलं. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यानं मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी अभिजात झाली. आम्ही सत्कार केले, भाषणं ऐकली. आणि घरातलं यंत्र 'पुढे कडा आहे' हे आमच्या म्हाताऱ्या माणसांना कळेल अशा भाषेत सांगत नाही, याचं कुणालाच काही वाटत नाही!

तुम्ही म्हणाल, हल्ली इंग्रजी सगळ्यांना येतं. येत असेल. पण अशी यंत्रं मुलं घेतात आणि पाठवतात आईबापांना. धोक्याची सूचना जो घरात राहतो त्याच्या भाषेत हवी, ज्यानं पैसे भरले त्याच्या नव्हे. यंत्राची मोजकी ठरलेली वाक्यं असतात. ती मराठीत बोलवून घ्यायला किती खर्च येणार आहे? ग्राहक म्हणून आपण मागतच नाही, हे खरं कारण.

निघताना मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून रोबोच्या चार्जिंगच्या जागेवर लावलं : 'क्लिफ म्हणजे कडा. यंत्र बंद करा. पोटाखालच्या खिडक्या कोरड्या फडक्यानं पुसा. पट्टी लावू नका.' परवा मामीचा फोन आला. रोबो पुन्हा बोलला होता, तिनं पुठ्ठा वाचला, खिडक्या पुसल्या, यंत्र चालू झालं. क्लिपा मात्र ती अजून डब्यातच ठेवते.

तुम्हीही आईला असलं काही पाठवणार असाल तर खोक्यात असा एक पुठ्ठा जरूर घाला.