टेबलावरचे बदक

हिंजवडीतील एखाद्या कंपनीत नोकरी करणारा नातू सणासुदीला गावी येतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा संगणकही येतो. घरात निजानीज झाली तरी माडीवरून बोलण्याचा आणि मधूनच हसण्याचा आवाज येत राहतो. खाली पडल्या पडल्या आजोबांच्या कानांवर तुटक वाक्ये येतात. “माझ्या मशीनवर तर चालतंय!” “मग तुझं मशीनच गिऱ्हाइकाला पाठवून देऊ.” “आज शुक्रवार आहे, त्याला हात लावू नकोस.” “बदकाला सांगून बघितलंस का?” या मुलांना पगार कामाचा मिळतो की थट्टामस्करीचा, असा प्रश्न आजोबांना पडला तर त्यात नवल नाही.

परंतु ही थट्टा रिकामी नाही. प्रत्येक धंद्याला आपले अनुभव थोडक्यात साठवण्याची एक रीत असते. व्यापाऱ्यांनी ते म्हणींत साठवले, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ते विनोदांत साठवले. “माझ्या मशीनवर चालतंय” या वाक्याला सगळे हसतात, कारण ते प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेले असते. लिहिणाऱ्याच्या संगणकावर बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम ग्राहकाकडे गेल्यावर अडतो. तेथील व्यवस्था वेगळी असते, माहिती वेगळी असते आणि वापरणारा माणूसही वेगळा असतो. माल आपल्या गोदामात चांगला होता, एवढे सांगून व्यापाऱ्याची सुटका होत नाही, तसेच हे आहे. शुक्रवारचा नियमही अनुभवातूनच आला आहे. आठवड्याच्या अखेरीस नवा बदल लागू केला आणि रात्री काही बिघडले, तर शनिवार-रविवारी दुरुस्तीला माणूस सापडत नाही.

राहिले बदक. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॅगमॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकामुळे ते जगभर पोहोचले. युक्ती अगदी साधी आहे. चूक सापडत नसेल, तर टेबलावर एक रबरी बदक ठेवावे आणि आपला प्रोग्रॅम त्याला ओळीओळीने समजावून सांगावा. ही ओळ काय करते, पुढची काय करते, येथे कोणता आकडा यायला हवा. बदक काहीच बोलत नाही. तरीही सांगता सांगता माणूस मध्येच थांबतो आणि कपाळावर हात मारतो. चूक सापडलेली असते.

यामागचे कारण हिशेब लिहिणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. स्वतः लिहिलेले मनात वाचताना डोळ्यांना कागदावरचा आकडा दिसत नाही, मनातला दिसतो. म्हणूनच तेरीज जुळेना की जुने मुनीम दुसऱ्याला समोर बसवीत आणि म्हणत, “तू वाच, मी खुणा करतो.” त्यांच्याजवळही असे ठेवणीतले सल्ले असत. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे. ५४० ऐवजी ४५० लिहिले की फरक ९० चा येतो. फरक सम असेल तर त्याचे निम्मे करून ती रक्कम शोधावी. कदाचित जमेची रक्कम नावे पडली असेल. पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसून दिले गेलेले हे सल्ले आणि माडीवरचे रात्रीचे बोलणे यांत नाते आहे ते असे.

प्रोग्रॅमरांमध्ये सल्ला मागण्याचीही रीत ठरलेली आहे. नुसते “चालत नाही” म्हणून भागत नाही. काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पडद्यावर उमटलेला संदेश जसाच्या तसा द्यावा लागतो आणि स्वतः कोणते उपाय करून पाहिले तेही सांगावे लागते. गंमत अशी की, हे सर्व नीट लिहून काढताना अर्ध्या प्रश्नांची उत्तरे विचारण्याआधीच मिळतात. म्हणजे बदकच पुन्हा, फक्त वेगळ्या रूपात.

त्यांचा एक जुना विनोद असा आहे की, संगणकाच्या विद्येत अवघड गोष्टी दोनच: गोष्टींना योग्य नाव देणे, साठवून ठेवलेली माहिती शिळी कधी झाली हे ओळखणे आणि मोजताना एकाने चुकणे. ऐकणारा बोटे मोजतो, तीन भरतात आणि मग हसू फुटते. मोजताना एकाने चुकण्याचा हा दोष फार जुना आहे. दहा फूट लांब कुंपणाला दर फुटावर एक खांब रोवायचा, तर खांब दहा नव्हे, अकरा लागतात. व्याजाचे दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की शेवटचा, की दोन्ही, यावरून पेढ्यांवर किती वाद झाले असतील याची गणती नाही.

दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत इंग्रजीत एडिसनच्या काळापासून आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या अवाढव्य गणकयंत्रात खरोखरचाच किडा सापडला. एका रिलेत पतंगाच्या जातीचे पाखरू अडकून मेले होते. तेथील मंडळींनी ते चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवले आणि खऱ्याखुऱ्या किड्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाची मिस्कील नोंद खाली केली. ग्रेस हॉपर या नामवंत संगणकतज्ज्ञ हा किस्सा पुढे अनेक वर्षे रंगवून सांगत. ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. यंत्र बंद पडल्याची नोंद कोणीही लपवील किंवा रुक्षपणे करील. येथे ती हसत केली गेली, म्हणून टिकली.

या हसण्याचे मोल जेराल्ड वाइनबर्ग यांनी ओळखले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकात त्यांनी अहंकार बाजूला ठेवून प्रोग्रॅम लिहिण्याचा विचार मांडला. त्यात एका प्रोग्रॅमरची हकीकत आहे. त्याने आपले लिखाण तपासण्यासाठी एका सहकारी स्त्रीकडे दिले. अवघ्या १३ विधानांत तिने १७ चुका काढल्या. दुसरा एखादा खजील झाला असता किंवा रागावला असता. हा गृहस्थ मात्र दिवसभर आपल्याच पराक्रमावर हसत, मित्रांना त्या चुका वर्णन करून सांगत हिंडला. वाइनबर्ग यांचे म्हणणे असे की, जो आपल्या प्रोग्रॅमला आपल्या प्रतिष्ठेचा भाग मानतो, त्याला त्यातील दोष दिसेनासे होतात. दोष दाखवणारा त्याला शत्रू वाटू लागतो.

पुढे १९७६ मध्ये आयबीएममधील मायकेल फेगन यांनी एकमेकांचे लिखाण तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तीत एक महत्त्वाचे पथ्य होते. तपासणीत किती चुका निघाल्या, त्यावरून लिहिणाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन वरिष्ठांनी करायचे नाही. हे पथ्य मोडले की तपासणी कागदोपत्री उरते. बढतीवर परिणाम होणार असेल तर चुका कोण दाखवील, आणि मित्राच्या चुका कोण मोजील?

चुकीविषयी मोकळेपणाने बोलले गेले नाही तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण याच क्षेत्रात आहे. ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात या यंत्राने किमान ६ रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणे दिली. त्यांतील काही दगावले. तक्रारी गेल्या, तेव्हा अशी अतिमात्रा या यंत्रातून होणे शक्यच नाही, असे उत्तर देण्यात आले. यंत्राचा प्रोग्रॅम बाहेरच्या कोणा तज्ज्ञाकडून तपासून घेतलेला नव्हता, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले.

टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ साली काही आठवड्यांच्या अंतराने असे दोन अपघात झाले. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश आला होता. पहिल्या वेळी यंत्र तपासायला आलेल्यांना दोष सापडला नव्हता. दुसऱ्या अपघातानंतर तेथील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ स्त्री असे दोघे यंत्रासमोर बसले. तिने आपण कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली ते आठवून सांगितले आणि दोघांनी तो क्रम पुनःपुन्हा करून पाहिला. अखेर कोडे सुटले. किरणांचा प्रकार टंकताना झालेली चूक मागे जाऊन झटपट, ८ सेकंदांच्या आत, सुधारली की यंत्राच्या आतली जुळणी अर्धवट राही. पडद्यावर सर्व बरोबर दिसे, यंत्र मात्र भलतेच काही करी. सरावाने तिचे हात चपळ झाले होते, म्हणून दोष प्रकट झाला होता. सावकाश कळा दाबून तपासणाऱ्यांना तो दिसणे शक्य नव्हते. ‘शक्यच नाही’ या दोन शब्दांनी जे दडवले होते, ते एकीने सांगितल्यामुळे आणि दुसऱ्याने लक्षपूर्वक ऐकल्यामुळे बाहेर आले.

चूक दाखवणाऱ्याचे स्वागत कसे करावे, याचा धडा डोनाल्ड नथ यांनी घालून दिला. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. आपल्या ग्रंथात चूक दाखवणाऱ्या वाचकाला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. हा आकडाही विनोदीच आहे. सोळाच्या पटीत मोजण्याच्या संगणकी पद्धतीत १०० असे लिहिले की त्याची किंमत २५६ होते. म्हणजे २५६ सेंट हा संगणकाच्या हिशेबाने एक डॉलर. गंमत अशी की, अनेकांनी हे धनादेश वटवलेच नाहीत. चौकट करून भिंतीवर लावले. बँकेच्या ताळमेळात वर्षानुवर्षे न वटलेले धनादेश ही डोकेदुखी असते, येथे तोच गौरव ठरला. पुढे धनादेशांवरील खातेक्रमांकाच्या गैरवापराचा धोका वाढला, तेव्हा २००८ पासून नथ यांनी खरे धनादेश थांबवले आणि सॅन सेरिफ नावाच्या काल्पनिक बेटावरील काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. तीही लोक तितक्याच अभिमानाने मिरवतात. पैशाची किंमत नाममात्र आहे. एका थोर विद्वानाने “आपण बरोबर, मी चुकलो” असे सही करून दिले, हे खरे बक्षीस.

या थट्टेलाही मर्यादा आहे. चांगल्या मंडळीत हसणे चुकीला असते, माणसाला नसते. नवख्याच्या पहिल्याच प्रश्नावर सारे खिदळले, तर तो दुसरा प्रश्न विचारणार नाही. त्याच्या चुका थांबणार नाहीत, फक्त दिसेनाशा होतील. जाणते लोक म्हणूनच आधी स्वतःची एखादी जुनी फजिती सांगतात आणि मग त्याची चूक दाखवतात.

हे सूत्र दुकानात आणि पेढीवरही लागू पडते. संध्याकाळी गल्ला मोजताना नोकर किंवा मुलगा येऊन म्हणतो, “माझ्या हातून बिल चुकलं.” त्या क्षणी मालकाच्या तोंडून निघणारा पहिला शब्द पुढच्या अनेक वर्षांचा हिशेब ठरवतो. शब्द कठोर निघाला तर पुढची चूक वर्षअखेरीस, लेखापरीक्षकाच्या तोंडून कळते. “बस, काय झालं ते पहिल्यापासून सांग,” असा निघाला तर ती त्याच संध्याकाळी दुरुस्त होते.

तेव्हा माडीवरचे हसणे ऐकून आजोबांनी चिंता करू नये. तेथे कोणीतरी आपली चूक कोणालातरी सांगत आहे, एवढाच त्याचा अर्थ. माडी सलग चार-पाच रात्री शांत राहिली आणि दिवा मात्र उशिरापर्यंत जळत राहिला, तर मात्र जिना चढून वर जावे आणि नातवाजवळ बसावे. त्याच्या कामातले काही समजण्याची आवश्यकता नाही. बदकालाही काही समजत नाही.