घाटात बंद, गॅरेजात चालू

जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८००चं सगळ्यात छळणारं दुखणं म्हणजे तापल्यावर बंद पडणं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, गावात नीट पळते आणि मे महिन्याच्या दुपारी खंबाटकीचा घाट निम्मा चढला, की दोन-चार झटके मारून थांबते. वीस-पंचवीस मिनिटांनी, कुणी हात न लावता, पुन्हा चालू. गॅरेजात पोचते तेव्हा ती निवलेली असते. मेकॅनिकला काही दिसत नाही, मग अंदाजाने प्लग बदलतात, पुढच्या खेपेला कॉइल, त्यापुढे कार्बोरेटरची किट.

या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून आणतो. ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलवर दाब कमी, त्यात पंप तापलेला. त्यामुळे नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हापसत राहतो. दुसरा संशयित कॉइल. तिच्या आतल्या तारांवरचं आवरण म्हातारं झालं, की गरमीत वीज आतल्या आतच फुटते आणि निवल्यावर कॉइल पुन्हा शहाण्यासारखी वागते. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सरही असाच फसवतो. तिन्हींची लक्षणं बाहेरून अगदी सारखी.

यावर ड्रायव्हर मंडळींचा जुना उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. गाडी चालू होते, हे खरं. पण त्यावरून दोष पंपाकडेच होता असं ठरत नाही. फडकं शोधून, भिजवून, गुंडाळेपर्यंत कॉइलही निवलेली असते. फडक्याने घर गाठता येतं, निदान होत नाही.

निदान व्हायचं ते गाडी थांबल्यावरच्या पहिल्या चार-पाच मिनिटांत. क्रम महत्त्वाचा: आधी स्पार्क, मग पेट्रोल; उलटं केलं तर सांडलेल्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडल्यासारखं होईल. एक प्लग काढून, वायर लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. प्लगची वायर हातात धरू नये. निळी, कडक ठिणगी दिसली तर कॉइल सुटली. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरगळलेली असेल तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि त्यांच्या वायरी तपासायच्या. ठिणगी ठीक असेल तर प्लग परत बसवून, इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनरचं झाकण काढायचं आणि थ्रॉटल हाताने ओढायचा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. धार नसेल तर ते वाटेत कुठेतरी अडलंय.

वाटेतला दोष बहुतेकदा स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित असतो. टाकीचं झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बुजलाय. टाकी ते पंप या टप्प्यातली रबरी नळी चिरली असेल तर तिच्यातून पेट्रोल गळेलच असं नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणून ती वर्षानुवर्षं सुटते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुनं रबर लवकर मऊ पडतं आणि टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. तेव्हा नळ्या आणि फिल्टर आधी, किट नंतर.

गाडी थंड असतानाही एक सिलिंडर मिस होत असेल तर प्रश्न वेगळा. तिथे कॉम्प्रेशन मोजावं. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील तर गॅसकेटचाच संशय जास्त.

कोणताही निष्कर्ष निघो, एका वेळी एकच भाग बदलावा आणि गाडी पुन्हा त्याच घाटात, त्याच उन्हात न्यावी. काढलेला जुना भाग डिकीत ठेवावा. नवी म्हणून आणलेली कॉइलही कधीकधी पहिल्याच दिवशी बिघडलेली निघते.