हात तेच, टाका नवा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात दुपारी डोकावले, तर दोन प्रकारची हातकामे एकाच छपराखाली चाललेली दिसू शकतात. उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन सासू विड्या वळते आहे. आतल्या खोलीत सून मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत क्रोशाचा रंगीत चौकोन विणायला शिकते आहे. दोघींची मान खाली, दोघींची बोटे सतत चालू. सासूच्या कामाला मजुरी म्हणतात, सुनेच्या कामाला छंद.

अलीकडे या छंदाला आणखी एक नाव मिळाले आहे, ते म्हणजे उपचार. क्रोशा विणा आणि ताण घालवा, सुई धरा आणि विस्मरण टाळा, असे सल्ले मोबाइलवरून फिरत असतात. एकाच लयीत हात चालले की मन शांत होते, असे त्यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे मानले तर एक साधा प्रश्न उरतो. लय विडी वळण्यातही आहे. हजार विड्या वळणाऱ्या हातांना क्रोशाच्या सुईपेक्षा कमी सराव नसतो. मग विडी कामगार बाई संध्याकाळी ताजीतवानी होऊन का उठत नाही? ती मान, मनगट आणि कंबर धरून का उठते?

उत्तरासाठी आधी तो चौकोन कसा विणतात ते पाहावे लागेल. बाजारात आणि व्हिडिओत त्याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात. चार साखळ्या घालून त्यांचे कडे जोडायचे. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट विणायचे आणि दर दोन गटांमध्ये कोपऱ्यासाठी दोन साखळ्या सोडायच्या. ही पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला दोऱ्याचा रंग बदलतो. आता प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा तीन खांब येतात. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, असा हिशेब वाढत जातो. एखादा कोपरा विसरला की चौकोन वाटीसारखा वळतो. खांब जास्त पडले की कडेला झालर सुटते. चूक लपत नाही आणि ती कुठे झाली हेही फेरी मोजली की कळते.

हे पहिल्यांदा करणाऱ्या बाईकडे पाहावे. खांदे वर चढलेले असतात, सुई मुठीत आवळलेली असते, ओठ हलत असतात. ती आकडा लक्षात ठेवते आहे, दोऱ्याचा ताण बोटांनी जोखते आहे, पुढचे छिद्र डोळ्यांनी शोधते आहे आणि मागची चूक ताडून पाहते आहे. लक्ष देणे, थोड्या वेळापुरते लक्षात ठेवणे आणि चूक दुरुस्त करणे या कामांत कपाळामागचा मेंदूचा भाग मोठा वाटा उचलतो. पंधरवड्याच्या सरावानंतर तीच बाई शेजारणीशी बोलता बोलता चौकोन पुरा करते. आता हालचालींची जबाबदारी बऱ्याच अंशी लहान मेंदूने आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांनी घेतलेली असते. सायकल शिकताना जे होते, तेच इथेही होते.

म्हणजे एकाच छंदाचे दोन टप्पे आहेत. शिकताना मेंदूला मेहनत पडते, जमल्यावर विसावा मिळतो. दोन्हींची माणसाला गरज असते, पण फायदे वेगळे आहेत. वर्षानुवर्षे तोच एक रुमाल डोळे मिटून विणणारी आजी मजेत असेल, तिला निवांत वाटत असेल, पण तिच्या स्मरणशक्तीला त्यातून नवा व्यायाम मिळतो असे म्हणणे धाडसाचे आहे. व्यायाम हवा तर टाका नवा हवा.

याला थोडा आधार संशोधनातही सापडतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठ ते नव्वद वयाच्या २२१ जणांना गटांत विभागून तीन महिने, आठवड्याला साधारण पंधरा तास गुंतवले गेले. काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवले, काहींना गोधडी शिवायला, काहींना दोन्ही. इतरांनी एकत्र जमून गप्पा-सहली केल्या किंवा घरी सोपी कोडी सोडवली, संगीत ऐकले. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती नुसत्या गप्पा आणि कोडी यांत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. मात्र हा फरक छायाचित्रण शिकणाऱ्यांत जास्त ठळक होता. सुई-दोऱ्यात काही खास जादू आहे, असे हा प्रयोग सांगत नाही. अनोळखी आणि थोडे अवघड काही शिकावे, एवढेच तो सुचवतो.

बाकीचे पुरावे याहून कच्चे आहेत आणि ते तसेच सांगितले पाहिजेत. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी क्रोशा विणणाऱ्या आठ हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले, तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी विणल्यावर शांत वाटते असे सांगितले. पण उत्तरे देणारे सगळे क्रोशाचे भक्तच होते. आषाढीला पंढरपुरात उभे राहून किती जण विठ्ठलाला मानतात हे मोजावे, तसे हे झाले. मेयो क्लिनिकच्या २०११ च्या अभ्यासात विणकाम, शिवणकाम यांसारखी हस्तकला करणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसांत सौम्य विस्मरणाचे प्रमाण कमी आढळले. इथेही उलटी शक्यता उरतेच. आठवण विरळ होऊ लागलेली माणसे सुई आपणहून खाली ठेवतात. त्यामुळे क्रोशाने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता विडीकडे वळू. विडी वळण्याचे कसब लहान नाही. पान भिजवणे, मापाने कापणे, तंबाखू नेमका भरणे, वळणे, टोक दुमडणे, दोरा बांधणे, हे सगळे सराईतपणे होते. पण ते शिकण्याचा काळ बहुतेकींच्या बाबतीत लहानपणीच संपलेला असतो. पुढची तीस-चाळीस वर्षे फक्त पुनरावृत्ती उरते. तिला विसाव्याचे रूप येत नाही, कारण मजुरी हजारावर मोजली जाते. वेग बाईच्या हातात नसतो, आकडा ठरवतो. चुकीची विडी माल देताना बाजूला पडते आणि तेवढी मेहनत पाण्यात जाते. त्यात तंबाखूची धूळ श्वासातून आणि निकोटिन त्वचेतून शरीरात जाते, ते वेगळेच.

क्रोशात नेमके याच्या उलट घडते. चुकले तर दोरा ओढायचा. फेरी उसवते, दोरा जसाच्या तसा हातात परत येतो आणि पुन्हा सुरुवात करता येते. चुकीची किंमत जवळजवळ शून्य असते. नवे शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. कधी थांबायचे, कोणता रंग घ्यायचा, फेरी उसवायची की वाकडीच राहू द्यायची, हे विणणारी ठरवते. आराम बोटांच्या हालचालीइतकाच, कदाचित त्याहून जास्त, या मुभेत आहे.

ही मुभा काढून घेतली तर क्रोशाचीही विडी होते. त्याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस आणली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील बायकांच्या कामाचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. घरकाम सांभाळून या बायका दिवसाचे अनेक तास लेस विणत, मोबदला अतिशय तुटपुंजा मिळे, आणि तरी त्यांच्याकडे रिकाम्या वेळात काही विणणाऱ्या गृहिणी म्हणून पाहिले जाई. सुई तीच होती, साखळी आणि खांबही तेच होते. त्याला कोणी उपचार म्हटले नसते.

सोलापूरने हे लक्षात ठेवण्याची गरज आहे. आपल्याकडे बाईच्या हाताला नवी कला लागली की आठवड्याभरात पहिला प्रश्न येतो, विकणार कितीला? बचत गटाची ऑर्डर येते, राखीपर्यंत दोनशे फुले, दिवाळीपर्यंत पन्नास तोरणे. घराला पैशाची गरज असते आणि मिळकत वाईट नाही. पण ती मिळकत असेल तर तिला मिळकतच म्हणावे, तास मोजावेत आणि दर त्याप्रमाणे मागावा. छंदाच्या नावाखाली स्वस्त मजुरी आणि वर ‘तेवढाच तुमचा ताणही जातो’ असे सांत्वन, हे दोन्ही बाजूंनी फसवणे आहे.

गरीब घरातल्या बाईला असल्या चैनीसाठी वेळ कुठे, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. म्हणूनच हे तिच्या एकटीवर सोडता येत नाही. कुंभारीजवळ विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे, शहरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, वाचनालये आणि मंदिरांची सभागृहे आहेत. आठवड्यातून एक तास, दहा-बारा बायका, एक शिकवणारी, आणि काहीही विकायचे नाही एवढा एकच नियम. सुई आणि दोऱ्याचा खर्च मोठा नाही. चादरींच्या या शहरात सुताला तोटा नाही आणि इथल्या उन्हाळ्यात मांडीवर लोकरीपेक्षा सुती दोराच बरा. पुरुषांनाही मज्जाव नको. उभे आयुष्य मागावर काढलेल्या निवृत्त विणकराला ताणा-बाणा कळतो, पण एका सुईने कापड कसे होते हे त्यालाही नवेच असेल.

हाताची काळजी मात्र घ्यावी. अर्ध्या तासाने सुई ठेवून उठावे, बोटे ताणावीत, चार पावले चालावे. सांधे दुखत असतील तर जाड मुठीची सुई घ्यावी. चाळिशीचा चष्मा आणि खिडकीचा उजेड हवाच. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री मुंग्या येऊन जागे करत असेल तर मनगटातील नस दाबली जात असू शकते. मधुमेही आणि वर्षानुवर्षे विड्या वळलेल्या बायकांनी ही तक्रार अंगावर काढू नये, तपासून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप आणि भूक उडणे, जगणे नकोसे होणे यांवर क्रोशा हा इलाज नाही. त्यासाठी डॉक्टर हवा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

आणि त्या घरातल्या सुनेने चौकोन जमला की दुसरा टाका धरावा आणि पहिला सासूला शिकवावा. सासूची बोटे तयार आहेत, फक्त तिला नवे काही शिकवायला बरीच वर्षे कोणी बसलेले नाही. तिचा पहिला चौकोन वाटीसारखा वळेल. तेव्हा दोरा ओढून उसवायचा आणि पुन्हा चार साखळ्या घालायच्या. इथे तिच्या चुकीचे पैसे कोणी कापणार नाही, हे तिला सुरुवातीलाच सांगून ठेवावे.